रस्त्यावरील दिवे आणि रात्रीचें आकाश

ह्या आठवड्याच्या पाठासाठीं आम्हीं जो विषय घेतला आहे, तो पाहून कित्येक वाचकांस नवल वाटेल. रस्त्याच्या कडेचा विजेचा दिवा, ह्यांत अभ्यास करण्याजोगें तें काय? परंतु आज खेड्यापाड्यांतून नवे खांब उभे राहत आहेत, जुने दिवे उतरवून एलईडीचे बसविले जात आहेत, आणि चौकांतून हायमास्ट नांवाचे उंच दीपस्तंभ लागत आहेत. दिवा कोणता घ्यावा, त्याचें तोंड कोणीकडे असावें, तो किती वेळ जळावा, ह्या गोष्टी ग्रामपंचायतींत ठरतात. आणि तेथें आमच्या वाचकांपैकीं कांहीं जण सभासद म्हणून बसतात, निदान ग्रामसभेंत हात तरी वर करतात. यास्तव हा विषय समजून घेणें अगत्याचें आहे.

प्रथम एका आक्षेपाचा विचार करूं, कारण तो खरा आहे. आमच्या मंडळ्यांपैकीं पुष्कळ मंडळ्या गांवकुसाबाहेरच्या वस्त्यांतून वाढल्या. विजेचा खांब अशा वस्त्यांकडे बहुधा सर्वांच्या शेवटीं वळला. ज्यांच्या वाडवडिलांनीं पावसाळ्याच्या काळोखांत पाय चांचपीत वाट काढली, त्यांस आतां कोणी येऊन सांगावें कीं, उजेड फार झाला, तो कमी करा, तर त्यांस राग येणार नाहीं काय? आमचें म्हणणें तसें नाहीं. अडलेल्या बाईस घेऊन निघालेल्या गाडीस दिवा हवा. नळावर जाणाऱ्या मुलीस हवा. अभ्यास आटोपून परतणाऱ्या विद्यार्थ्यास हवा. आमचें म्हणणें इतकेंच आहे कीं, गांवानें पैसे देऊन जो उजेड विकत घेतला, तो वाटेवर पडावा, आभाळांत जाऊं नये. एका चौकांत जो उजेड वायां जातो, त्याच विजेंत वस्तीकडल्या वाटेवर आणखी दोन दिवे लागूं शकतात.

उजेड वायां कसा जातो तें पाहूं. उघड्या दिव्यांतून प्रकाश चोहोंकडे निघतो. त्याचा कांहीं भाग खालीं जमिनीवर पडतो, तोच उपयोगी. कांहीं शेजारच्या भिंतींवर व खिडक्यांत शिरतो, आणि उरलेला वर जातो. वर गेलेला प्रकाश हवेच्या सूक्ष्म कणांवर, धुळीवर व धुरावर आपटून पसरतो, आणि त्याचाच फिकट घुमट शहरावर रात्रीं दुरून दिसतो. विशेष हें कीं, सरळ डोक्यावर गेलेल्या किरणापेक्षां क्षितिजाच्या किंचित् वर तिरपा गेलेला किरण अधिक उपद्रव करतो. कारण त्यास हवेंतून फार लांबची वाट चालावी लागते व तो वाटभर सांडत जातो. म्हणून झोतदिव्याचें तोंड थोडेंसें वर उचललें, तर त्याचा त्रास कित्येक कोसांवर पोंचतो. निळसर प्रकाश तांबूस प्रकाशाहून अधिक पसरतो. दिवसा आकाश निळें दिसतें तें ह्याच कारणानें.

आतां काटकसरीविषयीं. जुन्या तारेच्या दिव्यांत बहुतेक वीज उष्णतेंत जाई. एका वॅटमागें प्रकाशाचें माप, ज्यास ल्यूमेन म्हणतात, तें १० ते १५ इतकेंच मिळे. पिवळ्या सोडियम दिव्यानें तें शंभराच्या आसपास नेलें, व आजचे चांगले एलईडी दिवे १०० ते १५० व त्याहूनही अधिक देतात. ह्या सुधारणेचें मूळ निळ्या एलईडींत आहे. तो घडविणारे आकासाकी, आमानो व नाकामुरा ह्या तिघां शास्त्रज्ञांस २०१४ सालीं पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक मिळालें. आपल्या देशांत ५ जानेवारी २०१५ रोजीं रस्त्यांवरील दिवे बदलण्याची राष्ट्रीय योजना सुरू झाली, व तिच्या द्वारें एक कोटी तीस लाखांहून अधिक एलईडी दिवे बसविले गेले.

हिशेब पाटीवर मांडून पाहावा. ७० वॅटचा सोडियम दिवा त्याच्या चोकसह सुमारें ८५ वॅट वीज घेतो. रात्रीचे ११ तास धरले, तर वर्षाला सुमारें ३४१ युनिटें झालीं. त्याच्या जागीं ३५ वॅटचा एलईडी दिवा लाविला, तर १४० युनिटें. आणि हाच दिवा रात्रीं अकरापासून पहांटे पांचपर्यंत अर्ध्या जोरानें जाळला, तर सुमारें १०२. म्हणजे एका जुन्या दिव्याच्या विजेवर तीन नवे दिवे चालून वर कांहीं शिल्लक राहतें. ज्या गांवांत पथदिव्यांचें बिल थकतें आणि मग वीज तोडली जाऊन सगळाच काळोख होतो, त्या गांवानें हें गणित अवश्य करावें. जेथें सौर दिवे आहेत तेथें तर त्याचें मोल अधिकच, कारण बॅटरींत सांठलेली वीज मोजकी असते. मध्यरात्रीनंतर दिवा मंद केला, तरच ती पावसाळ्यांत पहांटेपर्यंत पुरण्याची आशा. दिवसाढवळ्या जळणाऱ्या दिव्यांविषयीं काय लिहावें! तेथें शास्त्राची नव्हे, बटण दाबणाऱ्या माणसाची उणीव असते.

तथापि येथें एक विलक्षण गोष्ट घडली आहे. दिवा स्वस्त झाला, वीज थोडी लागूं लागली, म्हणून माणसानें बचत घरांत ठेवावी, तों त्यानें आणखी दिवे लाविले. उपग्रहांच्या पाहणीवरून असें आढळलें कीं, २०१२ ते २०१६ ह्या काळांत पृथ्वीचा उजळलेला भाग दरसाल २.२ टक्क्यांनीं वाढला. पुढें २०११ पासून २०२२ पर्यंत साध्या लोकांनीं नुसत्या डोळ्यांनीं केलेलीं निरीक्षणें, बहुतेक युरोप व अमेरिकेंतलीं, एकत्र करून पाहिलीं, तेव्हां आकाशाची उजळी दरसाल सुमारें ९.६ टक्क्यांनीं वाढत असल्याचें दिसून आलें. हा फरक पडण्याचें एक कारण असें कीं, उपग्रहावरील त्या यंत्रास निळसर प्रकाश दिसत नाहीं, आणि नवे दिवे तर नेमके निळसर पांढरे. ज्या ठिकाणीं २५० तारे दिसतात तेथें आज जन्मलेलें मूल अठरा वर्षांचें होईल तेव्हां, हीच गति राहिली तर, त्यास तेथें शंभर तारेही दिसणार नाहींत. २०१६ च्या जागतिक नकाशाप्रमाणें मनुष्यजातीपैकीं एक तृतीयांश लोकांस आकाशगंगा दिसतच नाहीं.

कोणी म्हणेल, तारे न दिसले म्हणून पोट अडत नाहीं. बरें, मग शेताकडे वळूं. सोयाबीन हें लांब रात्रीवर फुलणारें पीक आहे. रात्र पुरेशी लांब झाली म्हणजे त्यास फुलण्याची खूण मिळते. खांबाखालच्या ओळींस ती रात्र मिळतच नाहीं. म्हणून शेत पिवळें पडून काढणीस आलें, तरी दिव्याजवळचा तुकडा हिरवाच राहतो. ज्याची जमीन रस्त्यालगत आहे, त्यानें हें पडताळून पाहावें. किड्यांचेंही तसेंच. रात्रीं फुलांवर जाणारे पतंग दिव्याभोंवतीं घिरट्या घालून मरतात. स्वित्झर्लंडांतील कुरणांत केलेला व २०१७ सालीं प्रसिद्ध झालेला एक प्रयोग ह्या बाबतींत बोलका आहे: जेथें दिवे लाविले तेथें रात्रीं फुलांवर येणाऱ्या किड्यांच्या फेऱ्या ६२ टक्क्यांनीं घटल्या, आणि एका वनस्पतीची फळधारणा १३ टक्क्यांनीं कमी भरली. दिवसा मधमाशा येतच होत्या, पण त्यांच्यानें ती तूट भरून निघाली नाहीं. भंडारदऱ्याकडचे काजवे पावसाच्या तोंडावर लुकलुकतात, ती नर-मादीची खूण होय. मोटारींच्या व दुकानांच्या झगमगाटांत ती खूण हरपते. कोंकणांत वेळास व आंजर्लें येथील वाळूंतून निघणारीं कासवाचीं पिल्लें ज्या बाजूस उजळ दिसेल तिकडे धांवतात. स्वाभाविक रात्रीं ती बाजू समुद्राची असते. किनाऱ्यावर दिवे असले, कीं तीं गांवाकडे वळतात व वाटेंतच मरतात.

परंतु ह्या सर्वांहून आमच्या वाचकांस जवळची गोष्ट म्हणजे स्वतःचा जीव. झगझगीत दिव्याखालीं आपण अधिक सुरक्षित असतों, असा सार्वत्रिक समज आहे; तो अर्धाच खरा आहे. डोळ्यावर तीव्र प्रकाश पडला म्हणजे बुबुळ आकुंचित होतें, आणि दिव्यापलीकडची सांवली पूर्वीपेक्षां काळी दिसूं लागते. काळोखास पूर्ण सरावण्यास डोळ्यांस वीस ते तीस मिनिटें लागतात. उंच खांबाच्या झोतांतून एकदम पांदींत पाऊल टाकणाऱ्यास फुरसें दिसत नाहीं, व वाटेंत कोण उभा आहे हेंही दिसत नाहीं. एका प्रखर दिव्यापेक्षां थोड्या थोड्या अंतरावरील चार मंद, झांकलेले दिवे माणसाची राखण अधिक करतात. म्हणून हायमास्टविषयीं आमचें मत स्पष्ट आहे: बाजाराच्या पटांगणास तो शोभेल, वस्तीच्या बोळास त्याचा उपयोग नाहीं. मंदिरांच्या आवारांकडेही जरा पाहावें. क्रूसावर खालून वर सोडलेला झोत कित्येक ठिकाणीं रात्रभर जळतो. उपासनेच्या वेळीं त्यांत शोभा असेल, परंतु पहांटे तीन वाजतां ती पाहतो कोण?

हें सर्व पुस्तकांतलें आहे, गांवांत होणारें नव्हे, असें कोणास वाटल्यास त्यानें नागपूर जिल्ह्यांतील पेंच व्याघ्रप्रकल्पाकडे पाहावें. जानेवारी २०२४ मध्यें त्यास भारतांतील पहिलें काळोख्या आकाशाचें उद्यान म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. आशिया खंडांत तें पांचवें. ही मान्यता केवळ जंगलामुळें मिळाली नाहीं. वाघोली, सिल्लारी, पिपरिया व खापा ह्या गांवांतील शंभरांहून अधिक दिवे बदलून खालीं तोंड असलेले बसविण्यांत आले. दिवे गेले नाहींत, वळले. लडाखांत हानले येथें, समुद्रसपाटीपासून सुमारें ४,५०० मीटर उंचीवर आपल्या देशाची वेधशाळा आहे. तिच्या भोंवतालचा प्रदेश २०२२ च्या डिसेंबरांत राखीव ठरविण्यांत आला, आणि तेथील गांवकरी खिडक्यांस जाड पडदे लावून दुर्बिणीस काळोख राखतात. कांहीं गांवकरी आलेल्या पाहुण्यांस तारे दाखवून मिळकतही करतात.

ग्रामसभेंत काय मागावें? नवा दिवा घेतांना त्याचें तोंड सपाट खालीं असावें व वरून झांकण असावें. खोक्यावर केल्व्हिन म्हणून आंकडा छापलेला असतो. बाजारांत बहुधा ६५०० चा निळसर पांढरा दिवा पुढें करतात, तो न घेतां ३००० किंवा त्याखालचा, उबदार रंगाचा मागावा. मध्यरात्रीनंतर मंद होण्याची सोय व सूर्योदयास आपोआप बंद होण्याची कळ हीं दरपत्रकांतच लिहवून घ्यावीं. मागाहून कोणी बसवीत नाहीं. जुन्या दिव्यास पत्र्याचें झांकण गांवचा कारागीरही करून देतो, मात्र खांबावर वीज मंडळाच्या माणसाखेरीज कोणीं चढूं नये.

दिवा चांगला कीं वाईट हें ओळखण्याची रीत सोपी आहे. खांबापासून शंभर पावलें दूर जाऊन उभें राहावें. वाट दिसते पण दिव्याचा डोळा दिसत नाहीं, तर दिवा नीट बसविला आहे. वाट दिसत नाहीं व दिवाच डोळ्यांत घुसतो, तर तो फिरवून घ्यावा. शिक्षकांनीं येत्या थंडींत अमावास्येच्या आसपास मुलांस गांवाबाहेर न्यावें, वीस मिनिटें कोणताही दिवा किंवा मोबाईल पाहूं देऊं नये, आणि मग कृत्तिकांचे तारे मोजण्यास सांगावें. निरोगी डोळ्यांस सहा दिसतात, कोणास सातही. त्यानंतर गांवांतल्या प्रत्येक खांबाखालीं उभें राहून तीच मोजणी करावी, आणि कोणत्या खांबाखालीं किती तारे दिसले तें वहींत लिहून ती वही ग्रामसभेच्या दिवशीं बरोबर न्यावी.