ऐकीव बातमीची पारख

एक अपराध असा आहे कीं, तो करणारास आपण कांहीं वाईट करीत आहों असें वाटतच नाहीं. तो म्हणजे ऐकलेली बातमी पारखल्यावांचून पुढें सांगणें. पूर्वीं अशी बातमी पाणवठ्यावरून वाडींत येई. आतां ती व्हॉट्सॲपवरून क्षणांत शंभर घरीं जाते. तिचें फळ काय होतें तें पाहूं.

धुळें जिल्ह्यांत साक्री तालुक्यांत राईनपाडा नांवाचें गांव आहे. १ जुलै २०१८ रोजीं, रविवारीं, तेथें आठवड्याचा बाजार भरला होता. मुलें पळविणारी टोळी आली आहे, अशी अफवा त्या भागांत मोबाइलवर फिरत होती. त्या दिवशीं भिक्षेवर पोट भरणारे, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पांच पुरुष तेथें आले. त्यांतील बहुतेक सोलापूर जिल्ह्यांतील मंगळवेढा तालुक्याचे होते. त्यांपैकीं एक जण एका लहान मुलीशीं बोलला, एवढ्यावरून लोकांस संशय आला. जमावानें त्यांस ग्रामपंचायतीच्या खोलींत कोंडून मारिलें, व पांचही जण मरण पावले. ते मुलें पळविणारे नव्हते.

त्या वर्षीं देशभर एक चलच्चित्र फिरत होतें. मोटारसायकलवरील दोघे रस्त्यावरचें मूल उचलून नेतात, असें त्यांत दिसे. तें वास्तविक पाकिस्तानांतील कराची येथें, आईबापांस सावध करण्याकरितां बनविलेलें होतें. मूल परत आणून देतात, तो शेवटचा भाग कोणीं तरी कापून टाकिला होता. म्हणजे डोळ्यांस दिसलेलेंही अर्धेंच होतें.

कोणी म्हणेल, "ही बातमी मला दहा जणांनीं पाठविली, ती खोटी कशी असेल?" येथेंच आम्ही फसतों. दहा जणांनीं एकच चिठ्ठी वाचून दाखविली, तर ते दहा साक्षीदार होत नाहींत. दोन किंवा तीन साक्षीदारांवांचून कोणास दोषी ठरवूं नये, असें मोशेच्या नियमशास्त्रांत सांगितलें आहे. आणि साक्षीदार तोच, ज्यानें स्वतः पाहिलें.

यास्तव बातमी येतांच पाठविणारास विचारावें, "हें आपण स्वतः पाहिलें काय? गांव कोणतें? दिवस कोणता?" उत्तर न मिळाल्यास ती बातमी तेथेंच थांबवावी. गांवाचें नांव असल्यास तेथील ओळखीच्या माणसास फोन करावा. रत्नागिरी जिल्ह्यांत ज्याचें कोणी मुंबईस नाहीं असें घर विरळा. तेव्हां मुंबईची बातमी पडताळणें आम्हांस कठीण नाहीं. अनोळखी मनुष्याविषयीं खरोखर संशय आल्यास पोलीस पाटलास कळवावें, किंवा ११२ या क्रमांकावर पोलिसांस बोलवावें. हात मात्र उगारूं नये.

राईनपाड्याच्या घटनेनंतर त्याच महिन्यांत व्हॉट्सॲपनें आपल्या देशांत एक संदेश एका वेळीं पांचांहून अधिक ठिकाणीं पुढें पाठविण्यास मनाई करण्याचें ठरविलें. परंतु पांच जणांनीं पांच पांच जणांस कळविलें, तर तिसऱ्या फेरीस तो सव्वाशें घरीं पोहोंचतो. खरा बांध आमच्या बोटापाशींच घातला पाहिजे.

मंडळींत विचारण्याचे प्रश्न :
१. राईनपाड्यांत मेलेल्या पांचांविरुद्ध पाहिलेली साक्ष कोणती होती?
२. गेल्या आठवड्यांत आपण पुढें पाठविलेली कोणती बातमी आपण स्वतः पडताळली?
३. उद्यां आपल्या वाडींत परका भिक्षेकरी आला, तर प्रथम काय कराल?