बीबीसी बघत नाही, तरी पैसे का भरायचे?

प्रश्न : माझा मुलगा लेस्टरला असतो. क्रिकेटचे सामने तो दुसऱ्या वाहिनीवर थेट बघतो, बीबीसी लावतही नाही. तरी टीव्ही लायसन्स घ्या म्हणून पत्र आलं. हा अन्याय नाही का? – एक वाचक, सांगली

उत्तर : आधी नियम सांगतो. ब्रिटनमध्ये कोणत्याही वाहिनीचं थेट प्रक्षेपण बघायला किंवा बीबीसीची आयप्लेअर ही ऑनलाइन सेवा वापरायला लायसन्स लागतं. एप्रिल २०२५ मध्ये त्याची फी वर्षाला १७४.५० पौंड झाली. तेव्हा मुलाला ते घ्यावंच लागेल. लायसन्सविना बघणं तिथे फौजदारी गुन्हा आहे, दंड १००० पौंडांपर्यंत.

ही फी बीबीसीला जाते. तिच्यासाठी सर्वांनी अशी वर्गणी द्यावी, हे मला पटतं. बातम्या देणारी संस्था जाहिरातदाराच्या मेहेरबानीवर जगू नये. नुसत्या सरकारी अनुदानावरही नको. दूरदर्शन बघत वाढलेल्या आपल्या पिढीला ते वेगळं सांगायला नको.

मला खटकतं ते निराळंच. बँकेतला बडा अधिकारी आणि त्याचंच ऑफिस झाडणारी बाई, दोघांना फी सारखीच. शिवाय खटले भरले जातात त्यांत बहुसंख्य स्त्रिया असतात, कारण तपासनीस दार वाजवतो तेव्हा घरी बहुधा त्याच सापडतात. हा खरा अन्याय. फिनलंडने २०१३ पासून अशा फीऐवजी उत्पन्नाशी जोडलेला कर लावला, कमी कमावणाऱ्यांना तो लागतच नाही. ब्रिटननेही तसंच करावं.

मुलाला सांगा, फी हप्त्यांनीही भरता येते. थेट प्रक्षेपण आणि आयप्लेअर दोन्ही सोडलं, तर लायसन्स लागत नाही. तसं रीतसर कळवावं.