रान पाहावे, पाणी ओळखावे

आपल्या संग्रामपूर तालुक्याच्या उत्तरेला सातपुडा उभा आहे. हवा स्वच्छ असली की त्याचे निळसर डोंगर वावरातून दिसतात. त्या डोंगरात अंबाबरवा अभयारण्य आहे. अभयारण्य म्हणजे जिथे जनावरांना भय नाही असे अरण्य. सरकारने ते १९९७ साली जाहीर केले. त्याचा विस्तार सुमारे १२७ चौरस किलोमीटर आहे. आज ते मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे.

हे रान पाहायला दूरदूरची माणसे येतात. पैसे भरतात, उघड्या जीपमध्ये बसतात, वाटाड्या बरोबर घेतात. ते पाहून गावातला एखादा म्हणतो, "आपलंच रान हाय. लहानपणापासून पायतो. त्याले पैसे देऊन काय पायाचं?"

प्रश्न खोटा नाही. सरपण, मोहफुले, तेंदूपाने, चारोळी यांसाठी आपण रानात गेलो. पण कामाला जाणे वेगळे आणि पाहायला जाणे वेगळे. रान पाहायचे म्हणजे काय पाहायचे? ते समजण्यासाठी आधी थोडे दूर जाऊ, मग घरी परत येऊ.

१. पावसाचे रान

जगातले सर्वांत मोठे पावसाचे रान दक्षिण अमेरिकेत आहे. त्यातून ॲमेझॉन नावाची नदी वाहते. ते रान आपल्या भारत देशापेक्षाही मोठे आहे. तिथे पुष्कळ ठिकाणी सडक नाही. नदी हीच सडक आणि नाव हीच गाडी. पावसात नदी इतकी फुगते की काही भागात पाणी झाडांच्या खोडांमध्ये शिरते. मग नावा झाडांमधून चालतात. घरे उंच खांबांवर बांधतात. काही घरे तर लाकडाच्या ओंडक्यांवर तरंगती असतात. पाहुणे नावेने जातात, रानातल्या लाकडी निवासात चार दिवस राहतात, आणि तिथलाच वाटाड्या त्यांना रान दाखवतो.

असे पावसाचे रान पाहायला ॲमेझॉनपर्यंत जायला नको. आपल्या महाराष्ट्रातही ते आहे. ते सह्याद्रीत आहे.

आपल्याकडे वर्षाला सातआठशे मिलिमीटर पाऊस पडतो. समजा, ते सगळे पाणी पडल्या जागीच उभे राहिले. तर ते माणसाच्या कमरेलाही लागणार नाही. महाबळेश्वरला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तेच पाणी असे उभे राहिले तर अठरा फूट होईल. म्हणजे तीन पुरुष पाणी!

म्हणून दोन्हीकडचे रान वेगळे. आपले सागवान उन्हाळ्याआधी पाने टाकते. पाणी थोडे असते, ते झाड जपून वापरते. सह्याद्रीच्या माथ्यावरची जांभूळ, अंजनी यांसारखी झाडे बारा महिने हिरवी असतात. ती सगळी पाने एकदम टाकत नाहीत. तिथे रान माळ्यांच्या घरासारखे असते. वर उंच झाडांचा माळा, मधे लहान झाडे आणि वेली, खाली झुडपे आणि नेचे. भर दुपारीही खाली सावली दाट असते.

२. नावेतून रानात

हे रान पाहायची एक चांगली वाट सातारा जिल्ह्यात आहे. शेगावहून महाराष्ट्र एक्सप्रेसने थेट साताऱ्याला जाता येते. साताऱ्याहून कासच्या पठारावरून बामणोली गावी जावे. बामणोली कोयना धरणाच्या पाण्याच्या काठी आहे. या जलाशयाला शिवसागर म्हणतात. पलीकडच्या काठाला कोयना अभयारण्य आहे, आणि त्यात वासोटा नावाचा किल्ला आहे. त्याचे दुसरे नाव व्याघ्रगड.

बामणोलीला आधी वनखात्याची परवानगी काढावी लागते. ओळखपत्र जवळ ठेवावे. मग नाव ठरवावी. एकट्याला नाव महाग पडते. दहाबारा जण मिळून गेले की वाटणीने खर्च हलका होतो. नावेत बसताना तरंगते जाकीट अंगात घालावे. पोहता येणाऱ्यानेही घालावे. नाव साधारण दीड तास चालते. दोन्ही बाजूंना डोंगर, मधे शांत पाणी. पलीकडे उतरले की पायवाट गर्द रानात शिरते आणि चढण लागते.

या रानात शेकरू दिसते. शेकरू ही मोठी, तांबूस रंगाची खार आहे. ती आपल्या राज्याचा प्राणी आहे. ती झाडावरून झाडावर उड्या मारते, जमिनीवर क्वचित उतरते. रानात गवे आहेत, अस्वले आहेत. रात्री तिथे राहायला परवानगी नाही. दिवस मावळायच्या आत नावेकडे परतावे लागते. पावसाळ्यात ही वाट बंद असते.

कोयना आणि चांदोली ही दोन राने मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. २०१२ साली कोयनेचे रान जागतिक वारशात गेले. म्हणजे ते साऱ्या जगाने जपायचे धन ठरले.

३. पाण्याखाली काय आहे?

नाव शांत पाण्यावरून जाते. प्रवासी म्हणतो, "काय सुंदर जागा!" जागा सुंदर आहेच. पण त्याने नावाड्याला एक प्रश्न विचारावा, "दादा, इथे आधी काय होते?"

तिथे गावे होती. शेते होती, देवळे होती, विहिरी होत्या. १९६० च्या सुमारास कोयना धरण उभे राहिले आणि खोऱ्यातली कितीतरी गावे पाण्याखाली गेली. माणसे उठली. कोणी कोकणात गेले, कोणी सांगली-सोलापूरकडे गेले. धरणाचे पाणी डोंगराच्या पोटातल्या बोगद्यातून पश्चिमेला नेले आणि त्यावर वीज तयार झाली. त्या विजेने राज्यातले कारखाने चालले, दिवे लागले. पण उठलेल्या कितीतरी कुटुंबांना हक्काच्या जमिनीसाठी पुढे अनेक वर्षे झगडावे लागले. नातवंडांनाही आंदोलनात बसावे लागले.

हे कळले की त्या पाण्याकडे पाहण्याची नजर बदलते. रान आणि पाणी आपोआप राहत नाही. कोणीतरी त्याची किंमत भरलेली असते.

४. आता आपल्या रानात

मेळघाट व्याघ्र प्रकल्प १९७३-७४ साली सुरू झाला. देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांत त्याचा नंबर आहे. मेळघाटात सेमाडोह येथे प्रवाशांसाठी निवास आहे. कोलकासला सिपना नदीच्या वर विश्रामगृह आहे. कोरकू भाषेत सिपना म्हणजे सागवान. नदीचेच नाव सागवान! नाव ठेवणाऱ्याने रान नीट पाहिले होते.

अंबाबरव्याला जायला इतके दूर जावे लागत नाही. सोनाळा, वसाली ही आपल्याच तालुक्यातली गावे त्या रानाच्या पायथ्याशी आहेत.

या रानातूनही माणसे उठली आहेत. बोरी, कोहा, कुंड, धारगड, केलपाणी, आणि आपल्याकडचे अंबाबरवा. अशा अनेक गावांनी वाघाच्या रानासाठी जागा सोडली. त्यांत बहुतेक आदिवासी बांधव. सरकारच्या योजनेत कुटुंबामागे दहा लाख रुपये होते. २०२१ साली ते पंधरा लाख झाले. अठरा वर्षांवरचा मुलगा वेगळे कुटुंब धरला जातो. पण पैसे मिळाले म्हणजे सगळे मिळाले असे नाही. नव्या जागी पाणी, वावर, शाळा, रोजगार नसेल तर पैसा किती दिवस पुरणार? काही गावांची ही तक्रार राहिली आहे.

इथे एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. २००६ च्या वनहक्क कायद्याप्रमाणे अशा रानातले गाव हलवायचे तर ग्रामसभेची संमती लागते. ती संमती लेखी लागते आणि सगळे समजून दिलेली लागते. म्हणून कागद स्वतः वाचावा. न समजलेल्या कागदावर सही करू नये आणि अंगठाही देऊ नये. अक्षर शिकण्याचा उपयोग याहून मोठा कोणता?

मग हे रान आपल्याला देते काय? आपल्या तालुक्याचा दक्षिणेकडचा भाग खारपाणपट्ट्यात येतो. विहिरीचे पाणी खारे. मूत्रपिंडाच्या, म्हणजे किडनीच्या, आजाराने आपल्या भागातली कितीतरी घरे पोळली आहेत. गोडे पाणी इथे औषधासारखे आहे. ते पाणी कुठून येते? मेळघाटच्या डोंगरातून वान नदी उतरते. वारी भैरवगडला तिच्यावर धरण आहे. संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांतल्या १४० गावांच्या नळयोजनेसाठी याच धरणाचे पाणी धरले आहे.

आता पाहा. डोंगरावर झाड असले तर पावसाचा थेंब आधी पानावर पडतो. मग खाली पाचोळ्यावर पडतो. पाचोळा त्याला थोपवतो, मुळे त्याला जमिनीत वाट देतात. ते पाणी हळूहळू झऱ्याला येते. डोंगर उघडा असला तर तोच थेंब माती घेऊन धावतो. पाणी एका दिवसात निघून जाते आणि माती धरणात बसते. धरणात गाळ साठला की पाण्याला जागा उरत नाही. म्हणजे वरचे रान हे आपल्या नळाचे मूळ आहे.

५. वाटाड्या काय वाचतो?

प्रवाशाला वाटते, वाघ दिसला तर पैसे वसूल. वाघ दिसेलच असे नाही. पण रानातली खूण वाचता आली तर फेरी फुकट जात नाही. रानातला वाटाड्या ती वाचतो. धुळीत ठसा दिसतो. त्यात नखे उमटली असतील तर तो कुत्र्याचा किंवा कोल्ह्याचा असेल. वाघ-बिबट्या चालताना नखे आत ओढून घेतात, म्हणून त्यांच्या ठशात नखे दिसत नाहीत. वारूळ फोडलेले दिसले तर तिथे अस्वलाने वाळवी खाल्ली. झाडावर वानर खाकरले, खाली चितळ ओरडले, तर जवळपास वाघ किंवा बिबट्या असावा.

ही विद्या आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांजवळ आहे. कोरकू, निहाल आजोबांना ती चांगली येते. त्यांच्या नातवाला तीच विद्या आणि थोडे लिहिणे-वाचणे आले, तर तो वाटाड्या होऊ शकतो. नोंदवही भरायची, नियम वाचून दाखवायचे, पाहुण्याशी चार गोड शब्द बोलायचे. रानाजवळच्या पोराला रानातूनच, झाड न तोडता, मजुरी मिळते. म्हणून वाटाड्याच्या पैशात घासाघीस करू नये.

६. जाताना हे पाळा

ओळखपत्र न्या. वेळेच्या आधी दारावर पोहोचा. भडक कपडे नको, खाकी किंवा हिरवे बरे. गाडीतून उतरू नका. हळू बोला. जनावराला खायला टाकू नका. विडी, काडी, विस्तव रानात नेऊ नका, कारण उन्हाळ्यात एका ठिणगीने डोंगर पेटतो. प्लास्टिक नेले तर परत आणा. वाटाड्या म्हणेल ते ऐका. आणि त्याला विचारा, "भाऊ, इथे आधी कोणते गाव होते? या ओढ्याचे पाणी कुठे जाते?"

या दोन प्रश्नांसाठी आपल्याच रानात एकदा पाहुणे म्हणून जावे. जमल्यास लेकरांनाही बरोबर न्यावे. वरच्या डोंगराचा आणि घरच्या नळाचा संबंध लेकरांनी डोळ्यांनी पाहिला, तर त्या डोंगरावर कुऱ्हाड चालवताना त्यांचा हात थबकेल.

वाचा आणि सांगा

१. पावसाचे रान आणि आपले सागवानाचे रान यांत फरक काय?
२. कोयनेच्या पाण्याखाली काय गेले? त्या पाण्याने काय मिळाले?
३. गाव हलवायला कोणाची संमती लागते? ती कशी लागते?
४. समजा, नावेचे भाडे ३,६०० रुपये आहे आणि माणसे १२ आहेत. प्रत्येकाला किती रुपये पडतील?
५. तुमच्या घरी पिण्याचे पाणी कुठून येते? ते विचारून चार ओळी लिहा.