जुनी मोटार : ठेवावी की बदलावी?

मोटारगाडी घेताना घरात जितका विचारविनिमय होतो, तितका ती काढून टाकताना होत नाही. बहुधा गॅरेजचे एखादे मोठे बिल हाती पडते, त्या त्राग्यात ‘आता ही गाडी पुरे झाली’ असे ठरते आणि आठवडाभरात कर्जाचे कागद तयार होतात. याच्या उलट, ‘गेल्या वर्षीच क्लच आणि टायर नवे घातले, आता कशी टाकायची?’ असे म्हणत थकलेली गाडी वर्षानुवर्षे ओढीत नेणारेही पुष्कळ आहेत. वरवर परस्परविरुद्ध दिसणाऱ्या या दोन्ही निर्णयांत दोष एकच आहे. दोघांचीही नजर झालेल्या खर्चावर खिळलेली असते. गाडी ठेवली काय किंवा विकली काय, तो पैसा परत येणार नाही. विचार करावयाचा तो येत्या बारा महिन्यांचा.

न दिसणारा खर्च

दुरुस्तीचा खर्च एकरकमी आणि रोख असतो, म्हणून तो बोचतो. घसाऱ्याचे बिल मात्र कोणी पाठवीत नाही. विमा उतरविताना गाडीची किंमत ठरविण्याचे जे प्रमाण आपल्याकडे रूढ आहे, त्यावरून या अदृश्य खर्चाची कल्पना येते. पहिल्या सहा महिन्यांत किमतीतून ५ टक्के, वर्षअखेरपर्यंत १५ टक्के, दुसऱ्या वर्षी २० टक्के, तिसऱ्या वर्षी ३०, चौथ्या वर्षी ४० आणि पाचव्या वर्षी ५० टक्के घट धरली जाते. पाच वर्षांनंतर विमा कंपनी आणि वाहनधारक परस्परसंमतीने किंमत ठरवितात. म्हणजे आठ लाखांची गाडी पाच वर्षांत सुमारे चार लाख रुपये गमावते आणि तेही दारात नुसती उभी राहून. बारा वर्षांच्या गाडीत गमावण्यासारखे फारसे उरलेलेच नसते. जुन्या गाडीचे खरे बळ हेच होय.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका माध्यमिक शिक्षकाकडे बारा वर्षे वापरलेली लहान पेट्रोल मोटार आहे. तिचा वापर वर्षाला नऊ हजार किलोमीटर इतका आहे. इंजिन तेल खाऊ लागले असून पिस्टनच्या रिंगा, व्हॉल्व्ह आणि हेडगॅस्केट यांच्या कामासाठी ४५,००० रुपये लागतील, असे मेकॅनिक सांगतो. आज आहे त्या स्थितीत गाडीचे एक लाख रुपये येतात. ‘लाखाच्या गाडीवर पंचेचाळीस हजार घालणे हा शुद्ध वेडेपणा’ असे कोणीही म्हणेल. पण हिशेब मांडून पाहिला तर वेगळेच चित्र दिसते.

गाडी ठेवल्यास वर्षभरात तिची किंमत वीस हजारांनी उतरेल. अडकलेल्या एक लाखावर आठ टक्के दराने व्याज आठ हजार, नेहमीची देखभाल पंचवीस हजार आणि विमा पाच हजार धरू. नवी गाडी लिटरला वीस किलोमीटर जाते आणि जुनी पंधरा, तर जुनीला १५० लिटर पेट्रोल अधिक लागेल. १०५ रुपये दराने ते १५,७५० रुपये झाले. यांची बेरीज ७३,७५० रुपये आणि इंजिनाचे काम मिळविले की १,१८,७५० रुपये.

आता नवी गाडी पाहू. तिची किंमत आठ लाख, वापर दहा वर्षे आणि शेवटी हाती येणारे दोन लाख असे धरले तर घसारा वर्षाला सरासरी साठ हजार होतो. सरासरी पाच लाखांच्या गुंतवणुकीवर व्याज चाळीस हजार, विमा अठरा हजार, देखभाल चौदा हजार. एकूण १,३२,००० रुपये. म्हणजे इंजिन उघडावे लागलेल्या वर्षीसुद्धा जुनी गाडी तेरा हजारांनी स्वस्त पडते आणि त्यापुढच्या वर्षी हे अंतर बरेच वाढते. यांतील आकडे ज्याने त्याने आपल्या गावच्या भावाने बदलून घ्यावेत, रीत मात्र हीच ठेवावी. दुरुस्तीच्या खर्चाची तुलना गाडीच्या बाजारभावाशी करण्यात अर्थ नाही. जुन्या गाडीच्या पुढील एका वर्षाच्या खर्चाची तुलना नव्या गाडीच्या सरासरी वार्षिक खर्चाशी करावयाची असते.

धाव वाढली की हे पारडे फिरते. तीच गाडी वर्षाला पंचवीस हजार किलोमीटर धावत असेल तर केवळ पेट्रोलचा फरक ४३,७५० रुपयांवर जातो. नव्या गाडीचा घसाराही मग थोडा वाढेल हे खरे, पण इंधनातील बचत बहुधा त्यावर मात करील. रोज तालुक्याच्या गावी जाणे-येणे असलेल्याचे आणि आठवड्यातून एकदा बाजाराला जाणाऱ्याचे उत्तर म्हणूनच एक असू शकत नाही.

पैशात न मोजता येणाऱ्या बाबी

इंजिन, क्लच, शॉकॲब्जॉर्बर हे भाग बदलता येतात. सडलेला पत्रा मात्र गाडीचे आयुष्य संपवितो. कोकणपट्टीतील खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांमुळे रत्नागिरी-सिंधुदुर्गातील गाडीचा खालचा भाग देशावरील समवयस्क गाडीपेक्षा आधी गंजतो. चेसिस, सस्पेन्शनचे सांधे आणि ब्रेकच्या नळ्या गंजल्या असतील तर कोणताही हिशेब न मांडता गाडी थांबवावी. कोणताही मोठा खर्च मंजूर करण्यापूर्वी गाडी उचलून खालून तपासून घेणे म्हणूनच अगत्याचे आहे. रंग चकचकीत आहे यावर विसंबू नये. किंबहुना नव्यानेच मारलेला रंग संशयास्पद मानावा.

सुट्या भागांची उपलब्धता ही दुसरी बाब. कुर्ल्यात तयार होणारी प्रीमियर पद्मिनी उत्पादन थांबल्यावरही मुंबईच्या रस्त्यांवर वर्षानुवर्षे धावली, कारण तिचे अंतरंग जाणणारे कारागीर शहरात होते. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव येथे नोंदली गेली होती आणि टॅक्सीसाठी ठरलेली वीस वर्षांची मर्यादा संपताच ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रस्त्यावरून गेली. ज्या गाडीचे भाग जिल्ह्याच्या ठिकाणीही मिळत नाहीत, ती पाच वर्षांची असली तरी जुनीच समजावी.

सुरक्षिततेचा प्रश्न याहून गंभीर आहे. नव्या मोटारींमध्ये अँटिलॉक ब्रेक १ एप्रिल २०१९ पासून, चालकासाठी एअरबॅग १ जुलै २०१९ पासून आणि शेजारच्या प्रवाशासाठी २०२१ अखेरपासून सक्तीची झाली. त्यापूर्वीच्या अनेक गाड्यांत या सोयी नाहीत आणि गॅरेजमध्ये त्या मागाहून बसविता येत नाहीत. रात्री महामार्गावर मुलाबाळांसह प्रवास करणाऱ्या कुटुंबाने तेरा हजारांची बचत या बाबीपुढे तोलून पाहावी.

पंधरा वर्षांनंतर

खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षे वैध असते. मुदत संपली म्हणून गाडी भंगारात काढावीच लागते, हा समज सर्वसाधारणपणे बरोबर नाही. तपासणीत योग्य ठरल्यास नोंदणीचे पाच वर्षांसाठी नूतनीकरण होते. मात्र मोटारीच्या या नूतनीकरणाचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून पाच हजार रुपये झाले आणि वीस वर्षांवरील मोटारींसाठी ते ऑगस्ट २०२५ मध्ये दहा हजारांवर नेण्यात आले. महाराष्ट्रात पर्यावरण करही द्यावा लागतो. चौदाव्या वर्षाच्या हिशेबात या रकमा आधीच धरणे बरे.

शासकीय वाहनांची गोष्ट निराळी. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील ५२-अ या नियमानुसार १ एप्रिल २०२३ पासून केंद्र व राज्य शासन, नगरपालिका, पंचायती, परिवहन उपक्रम आणि स्वायत्त संस्था यांच्या वाहनांची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते. संरक्षण आणि कायदा व सुव्यवस्था यांसाठीची विशेष वाहने तेवढी यातून वगळली आहेत. अशा वाहनाची विल्हेवाट नोंदणीकृत भंगार केंद्रामार्फतच लावावयाची असते. त्यामुळे पंचायत समितीच्या जीपचा निर्णय खाजगी गाडीसारखा पुढे ढकलता येत नाही. समजा, इंजिनाच्या संपूर्ण कामाला १,२०,००० रुपये लागतात. हे काम नवव्या वर्षाच्या अखेरीस केले तर खर्च सहा वर्षांवर विभागून वर्षाला वीस हजार पडतो. चौदाव्या वर्षाच्या अखेरीस केले तर सगळा भार एकाच वर्षावर येतो. दुरुस्तीच्या प्रस्तावावर वाहनाचे उरलेले महिने ठळकपणे लिहिण्याची पद्धत पाडली, तर कितीतरी निरर्थक मंजुऱ्या टळतील.

येथे आणखी एक खर्च येतो, जो लॉगबुकात सहसा उमटत नाही. पाण्याचा टँकर एप्रिल-मे महिन्यात आठ दिवस गॅरेजमध्ये पडून राहिला किंवा रुग्णवाहिका मध्यरात्री घाटात बंद पडली, तर त्याची किंमत दुरुस्तीच्या बिलावरून कळत नाही. अशा वाहनांच्या बाबतीत बंद पडलेल्या दिवसांची नोंद बिलांइतकीच काळजीपूर्वक ठेवावी आणि ते दिवस वर्षागणिक वाढताना दिसले की नव्या वाहनाची तरतूद पुढील अंदाजपत्रकातच मागावी.

खाजगी वाहनधारकाला तिसराही मार्ग मोकळा असतो. जुनी गाडी काढून चार-पाच वर्षे वापरलेली, एकाच मालकाची आणि देखभालीच्या नोंदी असलेली गाडी घेतली तर घसाऱ्याचा सर्वांत तीव्र उतार पहिल्या मालकाने सोसलेला असतो. ओळखीच्या मेकॅनिकला तपासणीसाठी दिलेले पैसे अशा व्यवहारात वाया जात नाहीत.

गाडी काढावयाची ठरलीच तर कागदपत्रांबाबत हयगय नसावी. नोंदणीकृत केंद्रात ती भंगारात दिली की गाडी जमा केल्याचे प्रमाणपत्र घ्यावे. ते दाखविल्यास नव्या गाडीच्या नोंदणी शुल्कात सूट मिळते. मोटार वाहन करातही सवलत देण्याची तरतूद असून खाजगी गाडीसाठी तिची कमाल मर्यादा २५ टक्के आहे. गाडी दुसऱ्यास विकली तर राज्यातल्या राज्यात चौदा दिवसांच्या आत परिवहन कार्यालयास कळवावे लागते. केवळ पैसे घेऊन किल्ल्या हवाली केल्या आणि पुस्तकावर जुनेच नाव राहिले, तर अपघातातील भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावर येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिलेला आहे.