बारीक अक्षर आधी वाचा

मिरकरवाड्याच्या एक बाई मासे विकतात. आमच्या वर्गात त्या नुकत्याच वाचायला शिकल्या. एके दिवशी हसतच आल्या. म्हणाल्या, "गुरुजी, मी बाजारातली पाटी वाचली! 999 रुपयांत मोबाईल! मुलाला घेऊ का?"

मी म्हटले, "शाबास! पण सगळी पाटी वाचलीत का?"

वर्ग सुटल्यावर आम्ही सगळेच दुकानापाशी गेलो. पाटीवर 999 हा आकडा हातभर मोठा होता. खाली मुंगीएवढी अक्षरे होती. बाईंनी बोट ठेवून वाचले, "दरमहा. 12 हप्ते. अटी लागू."

मग आम्ही हिशेब केला. 999 गुणिले 12 म्हणजे 11,988 रुपये. दुकानदाराने रोख किंमत सांगितली 10,500. म्हणजे 1,488 रुपये जास्त!

"अगो बाय! माझी चार दिवसांची कमाई की हो ही!" बाई म्हणाल्या.

जाहिरात वाईट नव्हे. तिच्यामुळे नवा माल कळतो. पण अर्धी वाचली तर ती महागात पडते. 2016 साली 'फ्रीडम 251' ह्या मोबाईलची जाहिरात झाली. किंमत फक्त 251 रुपये! लोकांची नोंदणीसाठी झुंबड उडाली. पुष्कळांच्या हाती फोन आलाच नाही.

फसव्या जाहिरातीला 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दंड आहे. अशी जाहिरात दिसली, तर 1915 ह्या क्रमांकावर तक्रार करा.

बाईंनी पैसे साठवले. दिवाळीत मोबाईल रोख घेतला. पावती मागितली, वाचली, मगच पिशवीत ठेवली.

सोडवा : 599 रुपयांचे 10 हप्ते. एकूण किती रुपये?