अतिसाराचे कारण न कळले तर काय करावे?

लेकराला जुलाब लागले म्हणजे घरात पहिला प्रश्न निघतो की, हे कशाने झाले? कोणी म्हणतो दृष्ट लागली, कोणी म्हणतो दात येत आहेत, कोणी म्हणतो आईबापांच्या पापाचे हे फळ. योहानाच्या शुभवर्तमानाच्या ९व्या अध्यायात जन्मांध मनुष्याविषयी शिष्यांनी असाच प्रश्न केला, आणि प्रभूने दोष त्याच्यावर किंवा त्याच्या आईबापांवर ठेवला नाही. यास्तव आपणही दुखणाईताच्या घरी दोष शोधीत बसू नये.

अतिसार बहुधा दूषित पाणी, अन्न किंवा अस्वच्छ हात यांच्या द्वारे पोटात गेलेल्या सूक्ष्म जंतूंमुळे होतो. जंतू नेमका कोणता, हे तपासणीवाचून डॉक्टरासही पुष्कळदा सांगता येत नाही. परंतु त्यामुळे उपाय अडत नाही. कारण जंतू कोणताही असो, जीव जातो तो बहुधा शरीरातील पाणी व क्षार निघून गेल्याने. म्हणून जुलाबात पाणी तोडणे घातक होय.

१९७१ साली बांगलादेशाच्या युद्धसमयी बनगाव येथे निर्वासितांत पटकीची साथ आली. शिरेतून द्यावयाचे पाणी पुरेना, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबीस यांनी ग्लुकोज, मीठ व सोडा पाण्यात मिसळून ते रोग्यांस तोंडाने पाजविले. मृत्यूचे प्रमाण शेकडा सुमारे ३० होते, ते ४ च्या आत आले. आतड्यात साखरेच्या सोबतीने मीठ शोषले जाते व त्यांच्यामागून पाणी जाते. हा मार्ग जुलाबातही बहुधा बंद पडत नाही, हेच यातील मर्म होय.

घरी असे करावे:

१. जलसंजीवनीची पूर्ण पुडी तीवर लिहिलेल्या मापाच्या स्वच्छ पाण्यात मिसळावी. पुडी नसल्यास १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सपाट ६ चमचे साखर व सपाट अर्धा चमचा मीठ घालावे. मीठ अधिक पडू देऊ नये. उरलेले पाणी २४ तासांनी टाकावे.

२. प्रत्येक जुलाबानंतर २ वर्षांखालील लेकरास पाव ते अर्धा पेला, त्याहून मोठ्यास अर्धा ते एक पेला पाजावे. वांती झाल्यास १० मिनिटे थांबून चमच्याचमच्याने द्यावे.

३. आईचे दूध तोडू नये. पेज, मऊ भात, वरण चालू ठेवावे.

४. जस्ताच्या गोळ्या आशाताई सांगेल त्याप्रमाणे, जुलाब थांबले तरी, १४ दिवस पूर्ण द्याव्या. जुलाब बांधणारी गोळी लेकरास कदापि देऊ नये.

शौचात रक्त, खोल गेलेले डोळे, चिमटीत धरलेली कातडी हळूहळू खाली बसणे, लघवी बंद होणे, सुस्ती, किंवा पिता न येणे, यांपैकी एकही लक्षण दिसताच दवाखाना गाठावा. वाटेतही पाजीत राहावे. जुलाब १४ दिवस टिकले तर कारणाची तपासणी अवश्य करवावी.

हिज्कीया राजाची प्रार्थना देवाने ऐकली, तरी यशयाने त्याच्या गळवावर अंजिरांची ढेप बांधविलीच. प्रार्थना व उपाय यांत वैर नाही. म्हणून उपदेशक बंधूंनो, अशा घरी प्रार्थनेस बोलाविले असता आधी विचारा: लेकरू पीत आहे काय? लघवी केव्हा झाली? मग आईच्या हाती पेला द्या, आणि ती पाजीत असता तिच्याजवळ बसून प्रार्थना करा.