उपग्रह आपले पीक कसे पाहतो?

३१ ऑक्टोबर २०२३ रोजी शासनाने राज्यातील ४० तालुके दुष्काळी जाहीर केले. त्या यादीत आपल्या जिल्ह्यातील छत्रपती संभाजीनगर व सोयगाव हे दोनच तालुके होते. दुष्काळ ठरविताना पाऊस, जमिनीतील ओल व पाणीसाठा यांबरोबर उपग्रहाने टिपलेली पिकाची हिरवाईही विचारात घेतात. म्हणून हे काम कसे चालते, याची माहिती प्रत्येक शेतकऱ्यास असावी.

उपग्रहाची ओळख

शेतीसाठी उपयोगी पडणारा ‘रिसोर्ससॅट-२ए’ हा भारतीय उपग्रह ७ डिसेंबर २०१६ रोजी श्रीहरिकोटा येथून सोडण्यात आला. त्याचे वजन १,२३५ किलो आहे. सुमारे ८१७ किलोमीटर उंचीवरून, दोन्ही ध्रुवांजवळून जात, तो १०१ मिनिटांत पृथ्वीची एक फेरी करतो. आपल्या भागावरून तो सकाळी साडेदहाच्या सुमारास जातो. वेळ ठरलेली असल्याने निरनिराळ्या दिवसांच्या चित्रांची तुलना करता येते.

त्यावर तीन कॅमेरे आहेत. चित्रातील एक ठिपका म्हणजे जमिनीवरील एक चौकोन :

१) अविफ्स : चौकोनाची बाजू ५६ मीटर, म्हणजे सुमारे ३१ गुंठे. दर ५ दिवसांनी तोच भाग दिसतो.
२) लिस-३ : बाजू २३.५ मीटर, म्हणजे सुमारे साडेपाच गुंठे. फेरा २४ दिवसांचा.
३) लिस-४ : बाजू ५.८ मीटर, म्हणजे गुंठ्याचा तिसरा हिस्सा.

हिरवाईचे गणित

निरोगी पान लाल प्रकाश शोषून घेते आणि डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण परत फेकते. या दोहोंतील फरकास त्यांच्या बेरजेने भागले की ‘वनस्पती निर्देशांक’ मिळतो. समजा, पिकाने लाल ५ टक्के व अवरक्त ४५ टक्के परत फेकले, तर ४० भागिले ५० म्हणजे ०.८ आला. पाण्याचा ताण पडून पाने सुकली की हा आकडा उतरतो.

मर्यादा

खरिपात आभाळ भरलेले असले की हे कॅमेरे आंधळे होतात. ३० जुलै २०२५ रोजी सोडलेला भारत-अमेरिकेचा ‘निसार’ उपग्रह रडारने ढगांपलीकडचे पाहतो. त्याचा फेरा १२ दिवसांचा आहे. मात्र हिरवाई म्हणजे उत्पन्न नव्हे. तणाने माजलेले रानही हिरवेच दिसते. गुलाबी बोंडअळीने बोंडे पोखरली तरी कपाशीची पाने हिरवी राहतात. ३१ गुंठ्यांच्या चौकोनात कपाशी, तूर आणि शेजाऱ्याचा मका एकत्र मिसळतात.

आपण काय करावे?

१) ई-पीक पाहणी वेळेत करावी. आंतरपीक असल्यास तेही नोंदवावे.
२) पेरणीची तारीख, पावसाचे खंड व पिकाची अवस्था वहीत लिहून ठेवावी.
३) दुष्काळ ठरविताना तालुक्यातील निवडक गावांत प्रत्यक्ष शेतपाहणी होते. पथक आले असता हजर राहून बोंडे, शेंगा, कणसे दाखवावीत.

उपग्रहाला पाने दिसतात; शेंगेतला दाणा मात्र आपणच दाखवावयाचा आहे.